कायद्याचा संदर्भ नीट द्या
(रत्नागिरी येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



शोधनिबंधात आपण सहज लिहून जातो, ‘तलाक कायद्यानुसार’. कोणता कायदा? मुस्लिम स्त्रीला कोर्टातून विवाहविच्छेद मागण्याचा हक्क देणारा 1939 चा, घटस्फोटानंतरच्या हक्कांचा 1986 चा, की तिहेरी तलाक रद्दबातल ठरवणारा 2019 चा? तिन्ही वेगळे आहेत. म्हणून संदर्भात चार गोष्टी हव्यातच: कायद्याचे पूर्ण नाव, वर्ष, क्रमांक आणि कलम.

कलम का हवे, ते पाहा. ‘मुस्लिम पर्सनल लॉ (शरियत) अ‍ॅप्लिकेशन अ‍ॅक्ट, 1937 (1937 चा 26), कलम 2’. वारसा, विवाह, मेहर यांसारख्या बाबतींत रूढी बाजूला ठेवून शरियत लागू होईल, असे हे कलम सांगते. पण त्यातच कंसात एक अपवाद आहे: शेतजमिनीचे प्रश्न वगळून. कोकणातल्या मुलींच्या वाट्याबद्दल लिहिणाऱ्याने नुसते ‘शरियत कायदा 1937’ लिहिले, तर हा कंस गळतो. या कंसाचा अर्थ मुलीला शेतीत वाटा नाही, असा मुळीच नाही. त्या वाट्याचा आधार या कलमात नाही, तो दुसरीकडे शोधून दाखवावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या जिल्ह्याचा विषय, खोती. खोती नष्ट करणाऱ्या कायद्याच्या नावात 1949 आहे, पण तो 1950 चा मुंबई अधिनियम क्रमांक 6 आहे. दोन्ही आकडे लिहा, नाहीतर शोधणारा चुकीच्या वर्षाचा खंड चाळत बसेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले ते खोतीविरोधी विधेयक होते. विधेयकाला कायदा म्हणू नका. तसेच संविधानात अनुच्छेद असतात, अधिनियमात कलमे.

तिसरी गोष्ट काळाची. 1985 चा शाहबानो निकाल फौजदारी प्रक्रिया संहिता, 1973 च्या कलम 125 वर आहे. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 आली आणि पोटगीची तरतूद कलम 144 मध्ये गेली. म्हणून जुन्या निकालाबद्दल लिहिताना 125 हाच आकडा ठेवा. आजच्या तरतुदीबद्दल लिहिताना 144 लिहा आणि आधीचे कलम 125 असल्याची नोंद करा.

हा काटेकोरपणा केवळ गुणांसाठी नाही. आपले लेखन वाचून एखादी बहीण वकिलाकडे जाते, एखादा कार्यकर्ता अर्ज लिहून देतो. तिथे चुकलेल्या आकड्याची किंमत त्या बहिणीला मोजावी लागते. दुसऱ्याच्या निबंधातला संदर्भ तसाच उतरवू नका. मूळ कलम उघडा, परंतुकासकट शेवटपर्यंत वाचा, दुरुस्ती झाली आहे का ते पाहा, आणि मगच लिहा.