वर्गाबाहेरचा शिक्षक

पुण्यात १८६७ साली सेंट व्हिन्सेंट्स आणि मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स ही हायस्कुले येशूसंघ या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी स्थापिली, तेव्हा शिक्षकाचे कर्तव्य पाठ्यपुस्तकापाशी संपत नाही, हा संकेत त्या संघात पुरता रूढ झालेला होता. कारण १५९९ साली सिद्ध झालेल्या त्यांच्या शिक्षणसंहितेने प्रांतप्रमुखापासून वर्गशिक्षकापर्यंत प्रत्येकाची कर्तव्ये कलमवार नमूद करून ठेवली होती.

अशा शाळांतील शिक्षक सकाळी प्रार्थनेच्या रांगांवर निगराणी ठेवतो, हजेरीपट भरतो, भूमितीचे प्रमेय उकलून दाखवतो आणि सायंकाळी गळ्यात शिटी अडकवून मैदानावर उभा राहतो. कॅथलिक विद्यार्थी धर्मशिक्षणाच्या तासाला गेले म्हणजे इतरांना नीतिशिक्षणाचे पाठ देण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच येते. आणि तो स्वतः हिंदू, मुसलमान वा पारशी असला, तरी त्याचे कोणाला नवल वाटत नाही. अनुदानित शाळेत विद्यार्थ्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने स्पष्ट केले आहे. त्या मर्यादेचे प्रत्यक्ष पालन शिक्षकाच्याच हातून होते.

एकेकाळी धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्याकडे असलेले अध्यापन पुढे बहुतांशी प्रापंचिक शिक्षकांच्या हाती आले. कॅथलिक शाळेची उद्दिष्टसिद्धी जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून असते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात मान्य केले. पगारपत्रकात मात्र या बहुरूपी माणसाचा हुद्दा ‘सहायक शिक्षक’ एवढाच लिहिलेला असतो.