टेपवरचा आवाज

आज एका जर्मन कादंबरीबद्दल बोलायचं आहे. बर्नहार्ड श्लिंक यांची 'डेर फोरलेझर', म्हणजे मोठ्यानं वाचून दाखवणारा. ती १९९५ साली आली. इंग्रजीत ती 'द रीडर' झाली आणि २००८ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. तुम्ही तो पाहिला असेल, तरी पुस्तक हातात घ्याच. श्लिंक कायद्याचे प्राध्यापक, न्यायाधीशही होते. वाक्यं छोटी, कोरडी, साक्षीदारानं जबानी द्यावी तशी.

निवेदक मिखाएल. पंधरा वर्षांचा असताना त्याचे ट्राम कंडक्टर असलेल्या हानाशी संबंध जुळतात. ती छत्तीस वर्षांची. तो तिला रोज पुस्तकं वाचून दाखवतो. एक दिवस ती न सांगता निघून जाते. पुढे कायद्याचा विद्यार्थी म्हणून तो कोर्टात बसलेला असतो, आणि आरोपींच्या बाकावर हाना! ती नाझी छळछावणीत पहारेकरी होती. युद्धाच्या अखेरीस कैदी स्त्रियांना एका चर्चमध्ये कोंडलं होतं. बाँब पडून चर्च पेटलं, पण कुलूप कुणी काढलं नाही. जवळजवळ सगळ्या जळून गेल्या. वाचल्या फक्त एक आई आणि तिची मुलगी.

आता पेन्सिल घेऊन मागच्या पानांवर चला. सायकलच्या सहलीत सकाळी मिखाएल चिठ्ठी ठेवून बाहेर जातो. परतल्यावर हाना त्याला पट्ट्यानं मारते, चिठ्ठी नव्हतीच म्हणते. जेवण काय मागवायचं, रस्ता कुठला धरायचा, सगळं त्याच्यावर सोपवते. पहिल्या वाचनात हा तिचा लहरीपणा वाटतो. खटला चालू असताना मिखाएलला उलगडतं की तिला लिहिता-वाचता येत नाही. आगीचा अहवाल कुणी लिहिला हे ठरवायला हस्ताक्षराचा नमुना मागतात, तेव्हा ती म्हणते, मीच लिहिला. अडाणीपण उघडं पडण्यापेक्षा जन्मठेप पत्करते.

इथं काही समीक्षक लेखकाला धारेवर धरतात : निरक्षरतेच्या आडून गुन्हेगाराची कीव करायला लावता काय? आक्षेपात दम आहे. कादंबरीत मेलेल्या बायकांना नावं नाहीत. वाचलेल्या मुलीलाही नाही. तरी मला वाटतं, श्लिंकचा रोख मिखाएलवर जास्त आहे. त्याला गुपित कळलेलं असतं. तो न्यायाधीशांकडे जातो, इकडचंतिकडचं बोलतो आणि परत येतो. गप्प बसण्यानं आयुष्यं कशी करपतात हे त्याला दिसत असतं, आणि तोही गप्पच. कथा तोच सांगतोय, हे विसरू नका. त्याच्या प्रत्येक 'मला वाटलं'पाशी जरा थांबा.

पुढे तो तुरुंगात कॅसेट पाठवतो. वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून टेप करतो, पण स्वतःचा एक शब्द त्यात घालत नाही. त्याच टेप ऐकत, पुस्तकातल्या ओळींवर बोट ठेवत हाना अक्षरं शिकते. तिची चिठ्ठी येते. तो उत्तर लिहीत नाही. मग ती छावण्यांतून वाचलेल्यांची पुस्तकं वाचते, आणि अठरा वर्षांनी सुटकेच्या दिवशी पहाटे गळफास घेते.

हानानं साठवलेले पैसे आणि चहाचा जुना डबा घेऊन मिखाएल न्यूयॉर्कला चर्चच्या आगीतून वाचलेल्या त्या मुलीकडे जातो. ती आता प्रौढ बाई आहे. पैसे घेतले तर माफ केल्यासारखं होईल, आणि तसं करायला ती तयार नाही. निरक्षरांसाठी काम करणाऱ्या एखाद्या ज्यू संस्थेला ते द्यावेत, असं ठरतं. हा प्रसंग सावकाश वाचा. कुणी आवाज चढवत नाही, रडत नाही.

डबा मात्र ती ठेवून घेते. लहानपणी तिच्याकडे तसाच एक होता; तो छावणीत चोरीला गेला होता.