मोळीशिवाय डोंगर

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या बचत गटाच्या अकराजणी यंदा माघात प्रचितगडावर जाऊन आलो. घरोघरी एकच प्रश्न होता, 'तिथं काय काम काढलंत?' लाकूडफाट्याला, गुरांमागे आपण जन्मभर डोंगर चढतो, तेव्हा कुणी विचारत नाही. आम्ही सांगितलं, बघायला जातोय.

वाट सुरू होते शृंगारपुरातून. महाराणी येसूबाईंचं हे माहेर. गड मात्र चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणून आधी वनखात्याची परवानगी काढा आणि गावातला वाटाड्या घ्या. रानात गव्यांच्याही वाटा असतात, त्या गडावर नेत नाहीत.

झुंजूमुंजू होताच निघा. पाणी भरपूर, सोबत भाकरी आणि सुकी चटणी. पऱ्या ओलांडला की रान, मग उभी चढण. वाळलेल्या कारवीला धरून जीव टाकू नका, ती मोडते. साडी असेल तर काष्टा घाला. आमच्यातल्या दोघींनी सुनांचे पंजाबी ड्रेस घातले होते, आणि त्याच सगळ्यांच्या पुढे! माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे, ती एकेकीनंच चढायची. पावसाळ्यात जाऊच नका.

वर देवीचं देऊळ, खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पश्चिमेला आपलं कोकण, पूर्वेला नुसतं रान. १९८५ ला ते अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, २०१० ला कोयनेसह व्याघ्र प्रकल्प. पण त्या रानात आधी गावं होती. काही धरणापायी उठली, काही अभयारण्यापायी.

आमच्यातल्या एका काकींचं माहेर त्यातलंच. लग्न होऊन त्या ह्याच डोंगरावरून चालत खाली आल्या. माहेरची माणसं आता सांगली जिल्ह्यात, एसटीनं जायचं तर दिवस मोडतो. गडावर बसून काकी बोटानं दाखवत होत्या, तिकडं आमची नाचणी, तिकडं विहीर. आम्हाला झाडंच दिसत होती. वाघासाठी रान राखलंय, ते हवंच. पण काकींनी आपल्या अंगणात जायलाही अर्ज करायचा, हे काही आमच्या घशाखाली उतरत नाही.

तरी अर्ज लिहिलाय, अकराजणींच्या सह्यांनिशी. परवानगी मिळाली तर पुढच्या माघात काकींना पुढं घालून त्यांच्या गावापर्यंत जाणार. वाट त्यांना अजून पाठ आहे.