कच्चें अवजार आणि त्याची शिकवण

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. पुढें १९१० सालीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक सुरू केलें. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोंचविणें, हा त्याचा आरंभींचा हेतु.

आज त्याच मुलखांतील मुलें निराळीं अवजारें हातीं घेत आहेत. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचें लिनक्स-मंडळ आहे. साताऱ्यास रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकविलें जातें. परंतु हीं अवजारें नांगराप्रमाणें वर्षानुवर्षें एकरूप राहत नाहींत. पायथन ही संगणकास आज्ञा देण्याची भाषा घ्या. तिची नवी आवृत्ति दर वर्षीं ऑक्टोबरांत निघते. तत्पूर्वीं, बहुधा मे महिन्यांत, 'बीटा' नांवाची कच्ची प्रत बाहेर पडते. बीटा निघाली कीं नव्या गोष्टी घालणें बंद. पुढील महिने दोष काढण्याचे. ती मुद्दाम लोकांच्या हातीं देतात, कारण कारखान्यांत न दिसलेला खडक शेतांतच लागतो.

आतां जिचें पाठ्यपुस्तक अद्याप छापलेंच नाहीं, ती वस्तु शिकावी कशी? जुन्या पुस्तकाचा भरंवसा फार धरतां येत नाहीं. २००८ च्या डिसेंबरांत पायथनची तिसरी पिढी आली, तेव्हां 'प्रिंट' ह्या रोजच्या आज्ञेस कंस आवश्यक झाले. दुसऱ्या पिढीचा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजीं संपला. तरीहि रद्दींतून आणलेलें पुस्तक घेऊन बसलेला एखादा मुलगा पहिलाच धडा टंकितो, संगणक तो नाकारतो, आणि ही विद्या आपल्या आवांक्याबाहेरची असें समजून तो उठतो. चूक त्याची नसते. पुस्तकाच्या सालाची असते.

पायथनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर 'नवें काय' अशा अर्थाचें एक टिपण असतें. प्रथम तें वाचावें. काय आलें, काय गेलें, काय बदललें, हें त्यांत उदाहरणांसह मिळतें. मात्र बीटाच्या काळांत तें टिपणहि अपुरेंच असतें. बीटा जुन्या आवृत्तीशेजारीं स्वतंत्र बसवावी, चालू कामास तिचा स्पर्श होऊं देऊं नये. नवें बियाणें पारखणारा शहाणा शेतकरी सबंध रान त्यावर घालीत नाहीं.

हें साहित्य बहुतेक इंग्रजींत असतें, ही खरी अडचण. प्राध्यापक कन्नन मौदगल्य ह्यांनीं मुंबईच्या आय. आय. टी.त सुरू केलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानें तिच्यावर एक तोड काढली आहे. सुमारें दहा मिनिटांचा धडा, पडद्यावर प्रत्यक्ष कृति, कानीं मराठी निवेदन; शिकणाऱ्यानें धडा थांबवून तीच कृति शेजारीं करून पाहावयाची. शिक्षक जवळ नसलेल्या घरीं हा क्रम फार उपयोगी पडतो. परंतु धडा रचून, तपासून, मराठींत आणीपर्यंत अवजार पुढें गेलेलें असतें. म्हणून बीटावर लांबलचक मराठी धडे करण्याचा उत्साह व्यर्थ होय. मूळ तत्त्वें मराठींत सविस्तर असावींत, आणि बीटाचें दोन पानी टिपण महाविद्यालयांतील मुलांनींच काढावें. 'खबर'चें आरंभींचें काम ह्याहून फार वेगळें नव्हतें.

राहिलें दोष कळविणें. पायथनची दोषांची नोंदवही सर्वांस खुली आहे. आवृत्ति कोणती, संगणकप्रणाली कोणती, काय टंकिलें, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, एवढ्या पांच ओळी साध्या इंग्रजींत लिहिल्या तरी पुरे. कऱ्हाडच्या किंवा विट्याच्या एखाद्या मुलीनें अशी नोंद जुलैंत केली, तर पक्की आवृत्ति निघण्यापूर्वीं दुरुस्तीस कर्त्यांना वेळ मिळतो. नोव्हेंबरांत केली, तर पुढील दुरुस्त प्रतीची वाट सर्वांनाच पाहावी लागते.