वेशीबाहेरची घरं आणि वेशीआतलं चांदवड

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी एकत्र बसून सार्वजनिक प्रश्नांचा विचार करावा म्हणून. तसाच एक प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो. मुंबई-आग्रा महामार्गाच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडताहेत. गावठाणात जुने वाडे उतरवून इमारती बांधायची बोलणी चालू असतात. यात आपल्या चांदवडचं काय होणार?

आधीच सांगतो, माझा घरांना विरोध नाही. खेड्यापाड्यांतून मुलं इथे शिकायला येतात, बाजार समितीत कांदा येतो. हमाल, मापारी, शिक्षक, ड्रायव्हर, सगळ्यांनाच डोक्यावर छप्पर हवं. भाड्याच्या एका खोलीत पाच माणसं राहत असताना ‘नवी घरं नकोत’ म्हणणं माणुसकीला धरून नाही. पण घरं कुठे, किती उंच, त्यांना पाणी कुठून आणि त्यांचं सांडपाणी कुठे, हे गावानं आधी ठरवायला हवं. स्लॅब पडल्यावर तक्रार करून काही हाती लागत नाही.

चांदवड हे होळकरांचं ठाणं. इथे त्यांची टाकसाळ होती, चांदवडी रुपया दूरवर चालायचा. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला रंगमहाल आपल्या गावात उभा आहे. एकदा आत जाऊन भिंतीजवळ उभे राहा. कोरीव लाकडी खांब सगळेच बघतात. तुम्ही भिंतींवरची चित्रं बघा. चित्राखालचा जुना गिलावा ओल धरू लागला की पापुद्रे सुटतात आणि रंग त्यांच्याबरोबर जातो. ही ओल नेहमी छतातूनच येते असं नाही. शेजारची जमीन भर घालून उंच केली, गटाराचा उतार बदलला, तरी पाणी पायातून भिंतीत चढतं. म्हणून स्मारकाची काळजी कुंपणापाशी संपत नाही.

‘रंगमहाल संरक्षित आहे, त्याला कोण हात लावणार?’ असं आपण समजतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण ही अंतरं राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी आहेत. रंगमहाल राज्याच्या यादीत आहे, त्याला राज्याचा १९६० चा कायदा लागू होतो. तेव्हा केंद्राच्या नियमावर विसंबून राहता येणार नाही. भोवतालच्या इमारतींची उंची आणि त्यांच्यामधलं अंतर आपल्या विकास योजनेतच लिहून घ्यावं लागेल.

आता गावठाणाकडे या. जुन्या घरांची भिंत सामाईक असते, मातीची, दोन्हीकडच्या तुळया तिच्यावर टेकलेल्या. एका बाजूचं घर पाडून तिथे कॉलमसाठी खोल खड्डे घेतले की दुसऱ्या घराचा आधारच जातो. पहिल्या पावसात भेग पडते, ती बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत, कारण तरुण मंडळी नोकरीसाठी नाशिकला गेलेली असतात. अशा वेळी भांडण दोन शेजाऱ्यांत लागतं. खरं तर पाडण्याआधी शेजारच्या भिंतीला टेकू देण्याची अट परवानगीतच असायला हवी.

आणि पाणी! आपलं गाव डोंगराच्या पायथ्याशी. मृगाची मोठी सर आली की डोंगरावरचं पाणी ओहोळांनी खाली धावतं. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओहोळ प्लॉट पाडणाऱ्याला मोकळी जागा वाटतो. तो बुजवला की पाणी घरांत शिरतं. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. नव्या वसाहतीला परवानगी देताना तिच्या पाण्याचा हिशेब नगरपरिषदेनं जाहीरपणे मांडलाच पाहिजे.

राज्यात २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीत ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. तीच जमीन लहान तुकड्यांत विकली गेली तर पोरांना खेळायला जागा उरत नाही, आणि ती नंतर कुणालाच निर्माण करता येत नाही.

मुंबईत गिरगावची खोताची वाडी बघा. लाकडी जिन्यांची, सज्जांची ही वस्ती. एके काळी तिथे सुमारे ६५ जुनी घरं होती, आज तीसही उरलेली नाहीत. वारसा यादीत नाव आलं, लेख आले, परदेशी पाहुणे आले. तरी घरं गेली. जुनं घर सांभाळायचा खर्च मालकानं एकट्यानं सोसायचा आणि कौतुक सगळ्यांनी करायचं, हे फार काळ चालत नाही. चांदवडच्या वाड्यांसाठी घरपट्टीत सवलत आणि दुरुस्तीला मदत हवी. नाहीतर वाडा विकणाऱ्याला दोष द्यायचा हक्क आपल्याला राहत नाही.

गोव्यातली गोष्ट जास्त धीर देणारी आहे. तिथे ऑगस्ट २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. गोवा बचाव अभियानाच्या लोकांनी गावोगाव नकाशे उलगडून दाखवले, कुठली शेतं आणि डोंगर बांधकामासाठी रंगवले आहेत ते समजावलं. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. त्या लोकांचं मोठं बळ होतं ते नकाशा वाचता येण्यात.

आपल्याकडेही ती वाट आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कुणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना लेखी देता येते, आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ‘आमचं गाव वाचवा’ एवढ्यावर सुनावणीत काही होत नाही. गट नंबर लिहा, ओहोळ नकाशावर दाखवा, विहिरीचा फोटो जोडा, काय बदल हवा ते एका वाक्यात मागा.

माझी विनंती एवढीच आहे की मुदतीची वाट बघू नका. प्रत्येक गल्लीतल्या दोघा-तिघांनी या पावसाळ्याआधी आपापल्या भागातले ओहोळ, बारवा, सामाईक भिंती आणि मोकळ्या जागा कागदावर उतरवाव्यात, त्याखाली सह्या कराव्यात आणि एक प्रत नगरपरिषदेत देऊन पोच घ्यावी.