परसातली पाखरे काय सांगतात?



आपल्या घरामागे परसदार असते. एखादा शेवगा, लिंबोणी, कढीपत्ता, भांडी घासायची मोरी, कोंबड्यांचा खुराडा, बाजूला गोठा. दिवसभर तिथे दहा-पंधरा जातींची पाखरे येऊन जातात, पण आपले लक्ष नसते. "पाखरे काय, आहेतच की!" असे आपण म्हणतो. पण ती उगाच ओरडत नाहीत आणि उगाच गप्पही होत नाहीत. थोडे ध्यान दिले तर त्यांच्या वागण्यावरून पुष्कळ कामाच्या गोष्टी कळतात. आज त्याविषयी बोलू.

पहिली गोष्ट सातभाईंची. मातकट रंगाची, विस्कटल्यासारखी दिसणारी ही पाखरे सहा-सात, कधी दहा-बारांच्या टोळीने हिंडतात आणि पालापाचोळा उलथून किडे टिपतात. त्यांचा कलकलाट नेहमीचाच. आपसात भांडण जुंपले की काही क्षण गोंधळ होतो, मग सगळी उडून पुढच्या झुडपात जातात. त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. पण कधीकधी ती एकाच जागी थांबून ओरडत राहतात. चोची खाली वळलेल्या, पंख थरथरताहेत, नजर एकाच ठिकाणी. थोड्या वेळाने तिथे बुलबुल येतो, साळुंकी येते, दयाळ येतो, खारही शेपटी उडवत चिरचिरू लागते. निरनिराळ्या जातींची पाखरे एका जागेभोवती जमून ओरडू लागली, की तिथे काहीतरी आहे असे नक्की समजा. बहुधा मांजर, मुंगूस किंवा साप. दिवसा ढोलीत बसलेला पिंगळा दिसला तरी असाच गोंधळ होतो.

पावसाळ्यात हे विशेष ध्यानात ठेवा. सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा उडवा, या जागा सापाला आवडतात, कारण तिथे उंदीर असतात. मायबहिणींनो, सरपण काढायला हात घालण्याआधी क्षणभर थांबून पाखरांकडे कान द्या. गलका चालू असेल तर लेकरांना दूर करा, हात घालू नका, काठीने डिवचू नका. साप वाट मिळाली की जातो. जात नसेल तर गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. पाखरे गप्प आहेत म्हणून साप नाही, असे मात्र धरू नका. रात्री तर ती झोपलेली असतात, तेव्हा बॅटरी हवीच. आणि कोणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अवयव आवळून बांधू नका, चिरू नका. माणसाला हलू न देता गाडीत घालून ज्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे तिथे घेऊन जा.

शिक्रा आला की प्रकार उलटा होतो. पारव्याएवढा, करड्या पाठीचा हा शिकारी पक्षी झाडाआडून सरळ येतो. त्या वेळी एखादा बारीक, तीक्ष्ण आवाज निघतो आणि सारे परस एकदम चिडीचूप होते. चिमण्या झुडपात गडप. कोंबडी "कर्रर" करून पिल्ले पंखाखाली घेते. भरल्या सकाळी असे अचानक सामसूम झाले की खुराड्याकडे नजर टाका. पिल्लू जाते ते अशाच वेळी.

या कामी आपला एक बिनपगारी राखणदार आहे, तो कोतवाल. काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. नाव उगाच पडलेले नाही. उन्हाळ्यात त्याचे घरटे फांदीच्या बेचक्यात असते, तेव्हा तो कावळ्याला, घारीलासुद्धा त्या झाडाजवळ फिरकू देत नाही. पाठीवर झडप घालून पिटाळतो. म्हणूनच बुलबुल आणि होला पुष्कळदा त्याच झाडावर घरटे करतात. परसातल्या झाडावर कोतवालाचे घरटे असेल तर तेवढे दिवस ती फांदी तोडू नका. कोंबडीच्या पिल्लांनाही त्याचा आधार होतो. ज्यांच्याकडे मधमाश्यांच्या पेट्या आहेत त्यांना मात्र कोतवाल आणि वेडा राघू यांचा थोडा उपद्रव होणारच. तेही सांगितले पाहिजे.

कोतवालाची बसायची तऱ्हा पाहा. उघड्या, उंच जागी बसतो, किडा दिसला की झेप घेतो आणि परत त्याच जागी येतो. गोठ्यात म्हशीची पाठ ही त्याची आवडती जागा. ही सवय ओळखूनच हरभऱ्यात पक्षीथांबे लावायला सांगतात. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या, पिकाच्या वर हात-दीड हात येतील अशा, एकरी पंधरा-वीस उभ्या करायच्या. बसायला जागा मिळाली की कोतवाल, साळुंक्या घाटेअळ्या टिपतात. काहीजण हरभरा पेरताना ज्वारीचे थोडे दाणे मिसळतात, ती ताटेही थांब्याचे काम देतात. खुद्द ज्वारीच्या रानात मात्र दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर दाणे खाणाऱ्यांना तुम्हीच पाट मांडून दिल्यासारखे होईल.

कारण सगळीच पाखरे सदा मित्र असतात असे नाही. पोपट पेरू कुरतडतो. हिवाळ्यात परमुलखातून येणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरले की गोफण हाती घ्यावीच लागते. चिमणीही कणसावर बसते. पण तिचा हिशोब पुरा मांडा. वळचणीला चिमणीचे घरटे असेल तर पिल्ले निघाल्यावर अर्धा तास लांबून बघा. चोचीत दाणा क्वचित दिसेल. बहुतेक वेळा हिरवी अळी, नाकतोडा, पाकोळी असेच काही असते, कारण कोवळ्या पिल्लांना दाणा पचत नाही. एका तासात किती खेपा होतात ते मुलांना मोजायला लावा. पिल्ले साधारण पंधरा दिवस घरट्यात असतात. गुणाकार तुम्हीच करा.

चीन देशात १९५८ साली चिमणी धान्य खाते म्हणून तिला मारण्याची मोहीम निघाली. थाळ्या, ढोल बडवून तिला कुठे बसूच दिले नाही, दमून पडेपर्यंत उडवले. पुढे किडीचा उपद्रव वाढला आणि १९६० साली शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तिथे ढेकणाचे घातले. त्या वर्षांत तिथे पडलेल्या दुष्काळाला इतरही कारणे होती, पण ही चूक त्यात भर घालणारी ठरली.

आता मृगाच्या तोंडावरची गोष्ट. "पेरते व्हा, पेरते व्हा" असा आवाज सुरू झाला की आपले म्हातारे म्हणत, पावशा बोलला, आता पाऊस येणार. पावशा दिसायला शिक्र्यासारखा, पण जात कोकिळेची. उन्हाळ्याच्या अखेरीस तो ओरडतो ते त्याच्या विणीचा हंगाम असतो म्हणून. स्वतः घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडे घालते. सातभाईचे अंडे निळे, हिचेही निळे. मग पावसाळ्यात तुम्हाला असे दृश्य दिसेल की सातभाई आपल्याहून मोठ्या पिल्लाला भरवतो आहे आणि ते पिल्लू खा-खा करत मागे लागले आहे. ते पावशाचे, नाहीतर चातकाचे. दोघेही अळ्या खाणारे, म्हणून खरिपात आपल्या उपयोगाचे.

पण बंधूंनो, पावशा ओरडला म्हणून तिफण जुंपू नका. त्याच्या विणीचा हंगाम आणि आपला पेरणीचा हंगाम लागून येतात, म्हणून हा शब्द तोंडी बसला. जमिनीत ओल किती आहे हे त्याला ठाऊक नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरती ओल झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणीचा खर्च पावशा देत नाही!

विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारी घरटी याच दिवसांत दिसतात. आपण "सुगरण" म्हणतो, पण विणकाम करतो तो नर. अर्धे घरटे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला पसंत पडले तर तो पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की दुसरे विणायला घेतो. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या किहीम गावी सुगरणींची घरटी रोज पाहून हा संसार उलगडला. रोज त्याच झाडाकडे चिकाटीने पाहत राहणे, हीच त्यात मोठी गोष्ट होती.

गव्हाणी घुबडाविषयी थोडे. पडक्या वाड्यात, देवळाच्या शिखरात राहते, म्हणून अशुभ मानून पोरे दगड मारतात. त्याच्या बसायच्या जागेखाली काळसर गोळ्या पडलेल्या असतात. ती विष्ठा नव्हे. न पचलेली हाडे आणि केस ते तोंडावाटे टाकते. एक गोळी पाण्यात भिजवून काडीने फोडा, उंदरांच्या कवट्या निघतील. ते पाहिल्यावर अशुभ कोणाला, ते ठरवा. शेतात उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले असेल तर मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, नाहीतर ते खाऊन घुबडही मरते.

तसेच बीजप्रक्रिया केलेले बियाणे अंगणात सांडू देऊ नका. सांडलेले उचला, रिकाम्या पिशव्या तिथे झटकू नका, आणि फवारणीचा पंप पाखरे पाणी पितात तिथे धुऊ नका. पिंजऱ्यात पोपट ठेवायची हौस असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, हे सांगून ठेवतो.

पाहायचे कसे, तर दुर्बीण नको, खर्च नको. सकाळी ऊन कोवळे असताना एकाच जागी अर्धा तास बसा. मुलाच्या जुन्या वहीत तारीख, पाखराचे गावातले नाव, चोचीत काय होते आणि कशावर बसले, एवढे लिहून ठेवा. झाडाखाली मातीच्या परळात दोन बोटे पाणी ठेवा, मधे एक दगड घाला, म्हणजे लहान पाखराला उभे राहता येईल. परळ मांजराला दबा धरता येणार नाही अशा मोकळ्या जागी असावा, आणि पाणी रोज बदलून तो घासून घ्यावा. शिळ्या पाण्यात डास होतात.