दुपारी दोन ते चार

आईवडिलांची औषधं, मदतनीस, डॉक्टरांची वेळ हे सगळं आपण दूर राहून फोनवर जमवतो. त्यांची दुपार कशी जाते, हे मात्र विचारायचं राहून जातं.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. पोथी आपली आपण वाचता यावी, ही आजींचीच इच्छा होती. गुलाबी साडी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी आणि शिकवणारी गावातलीच सून. वेळ दुपारी दोन ते चार, घरची-शेताची कामं उरकल्यावर. मला या वेळेचंच मोल फार वाटतं. आज गिरवलेलं अक्षर उद्या विसरेलही, पण दोन वाजता आवरून निघायचं असतं, मैत्रिणी वाट बघत असतात. रोव आणि कान या अमेरिकन अभ्यासकांनी यशस्वी वार्धक्याच्या व्याख्येत निरोगी शरीर आणि शाबूत बुद्धीबरोबर माणसांत-कामात गुंतून राहणंही धरलं, ते याचसाठी.

आता अशी शाळा विसरवाडीत काढायची म्हटली तर? हे नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातलं, धुळे-सुरत महामार्गावरचं गाव. 2011च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता जेमतेम 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. या पट्ट्यातली तरुण जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि नातवंडं म्हाताऱ्यांच्या पदरात येतात. म्हणून फांगण्याची नुसती नक्कल इथे चालायची नाही. वर्ग अंगणवाडीला लागून हवा, नातवंडं नजरेसमोर राहतील असा. बोलणं आधी मावची या तिथल्या बोलीत, मराठी मागाहून. पहिला धडा पासबुकाचा: वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाले का, हे आजीनं दुसऱ्याला न विचारता त्या ओळीवर बोट ठेवून वाचावं. आणि एखाद्या दुपारी तिनं शिकवावं, पोरांनी ऐकावं: कुठली रानभाजी कधी खुडायची, बियाणं कसं राखायचं.

केंद्राच्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमाला (2022–27) वयाची वरची मर्यादा नाही, शिकवतात स्वयंसेवक. तेव्हा सरकारी चौकट तयारच आहे. आपल्या मंडळाला हातभार लावायचा असेल, तर आधी डोळे तपासून चष्मे द्यावेत. अक्षरच दिसलं नाही तर शिकणार काय? आणि पाठ टेकता येईल असे बाक. गुडघे दुखत असताना दोन तास जमिनीवर बसवत नाही.